आधी मांजरपाट, मग तलवार

२०२५ च्या १९ फेब्रुवारीला साताऱ्याजवळच्या एका गावात आमच्या गटाने १७०० सालच्या सातारच्या वेढ्यातल्या शिबंदीचा, म्हणजे गडावरच्या शिपायांचा, पेहराव आणि प्रात्यक्षिकं केली. तयारी ऑगस्ट २०२४ पासून चालू होती. काय लागतं, कुठे अडतं आणि पैसे किती जातात, ते झालं त्या क्रमाने लिहितोय. नवीन माणूस पहिला प्रश्न तलवारीचा विचारतो. इथे ती शेवटी येईल, कारण तयारीतही ती शेवटीच यावी असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात साल ठरवण्यापासून करा. ‘शिवकालीन मावळा’ एवढ्यावर काहीच शिवता येत नाही. १६५९ सालचा प्रतापगडाखालचा माणूस, १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हाचा माणूस आणि नाना फडणविसांच्या वेळचा माणूस यांना एकच अंगरखा चालत नाही. आम्ही औरंगजेबाचा साताऱ्याला पडलेला वेढा घेतला, डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७००. गड (आजचा अजिंक्यतारा) प्रयागजी प्रभूंच्या ताब्यात होता, बादशहाचा तळ करंज्याला होता, आणि परळीहून (आजचा सज्जनगड) मराठ्यांचे परशुराम त्र्यंबक गडावर रसद पोचवत होते. एप्रिलमध्ये मोगलांनी सुरुंग उडवले. एका सुरुंगाने तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि चढाईला तयार उभे असलेले त्यांचेच लोक मोठ्या संख्येने गाडले गेले. पुढे २१ एप्रिलला गड गेला आणि त्याचं नाव आझमतारा झालं.

हा प्रसंग घेण्यामागे एक सोयही होती. वेढ्यात गडावरच्या साध्या शिपायाचं मोठं हत्यार म्हणजे दगड. वरून लोटलेल्या धोंड्यांनी तोफेइतकं नुकसान केल्याचं नोंदलेलं आहे. म्हणजे हातात तलवार नसली तरी आमचा माणूस खोटा ठरत नव्हता. नव्याने सुरू करणाऱ्यांनी असाच माणूस निवडावा: पायदळातला, नाव नसलेला. सरदाराचा पोशाख जरीसकट नीट करायचा तर खर्च पाचपट जातो, आणि कमी पैशांत केला की तो लग्नाच्या वरातीतला दिसतो.

मग बघायला जायचं. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय एसटी स्टँडच्या जवळच आहे. जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं आली होती, त्यामुळे तेव्हा रांगा होत्या, आणि रांगेतली बहुतेक मंडळी वाघनखं बघून सरळ बाहेर पडत होती. तुम्ही कपड्यांपाशी थांबा. बंद कुठे जोडलेत, बगलेला तुकडा कसा बसवलाय, बाही मनगटाशी किती निमुळती होते, ढालीच्या आतली मूठ कशी आहे, हे वहीत काढून घ्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात भिंतीवरची चित्रं आहेत आणि औंधचं भवानी संग्रहालयही जिल्ह्यातलंच. दोन्ही जरूर बघा. फक्त मेणवलीची चित्रं आपल्या वेढ्यानंतर कित्येक दशकांनी काढलेली आहेत, तिथल्या पगड्या उचलून १७०० मध्ये घालू नका. त्या काळासाठी दख्खनी लघुचित्रं जास्त उपयोगी पडतात. मालिका आणि सिनेमे डोक्यातून पुसून टाका. चामड्याचे छातीपट्टे आणि मनगटाला करकचून बांधलेले पट्टे तिथूनच आलेत.

कापड सप्टेंबरमध्ये घेतलं. भाड्याने मिळणारा ‘मावळा ड्रेस’ तेव्हा दिवसाला तीनशे-चारशेत मिळत होता, पण तो सॅटीनचा असतो आणि उन्हात प्लास्टिकसारखा चमकतो. साधा, न धुतलेला मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं सुती कापड घ्या. छत्तीस इंची पन्ह्यात (रुंदीत) बाराबंदीला, म्हणजे बारा बंदांच्या अंगरख्याला, साडेतीन मीटर, गुडघ्याखाली येणाऱ्या चोळण्याला (विजारीला) अडीच ते तीन मीटर, शेल्याला तीन मीटर. पोट सुटलेलं असेल तर अर्धा मीटर जास्त धरा. आम्हाला ऐंशी रुपये मीटरने मिळाला. मुंडाशाला मलमल हवं, आठ मीटर. ते उभं फाडून दोघांत वाटून घेतलं तरी भागतं, कारण मुंडाशाला पूर्ण पन्हा लागतच नाही.

शिवायच्या आधी मांजरपाटाची खळ काढावीच लागते. रात्रभर पाण्यात भिजत घाला, सकाळी मूठभर धुण्याचा सोडा टाकून तासभर उकळा, दोन पाण्यांतून काढा. हे टाळलं तर दोन गोष्टी होतात. रंग ठिपक्याठिपक्याने चढतो, आणि पहिल्या धुण्यात कापड मीटरमागे चार-पाच बोटं आटून बाह्या कोपराकडे सरकतात.

रंगवायचं काम ऑक्टोबरच्या उन्हात. अंगरखा आणि चोळणा पांढरट ठेवला तरी चालतो, पण मुंडासं आणि शेला लाल हवा होता. दुकानातला रेडिमेड लाल फार भडक निघतो, त्यापेक्षा मंजिष्ठा, म्हणजे लाल रंग देणारं मूळ, बरी. सामान काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. हिरडा मागताना मोठा, पिकलेला हिरडा मागा. बाळहिरडा औषधाचा, महाग पडतो. पाव किलो कोरड्या कापडाला पन्नास ग्रॅम हिरडापूड, चाळीस ग्रॅम तुरटी आणि पाव किलो मंजिष्ठा असं प्रमाण ठेवलं. हिरड्याच्या पाण्यात कापड रात्रभर ठेवायचं, न धुता पिळून सावलीत वाळवायचं. ते फिकट पिवळसर होतं. मग तुरटी कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून त्यात पुन्हा रात्रभर, पुन्हा वाळवणं, आणि रंगात घालण्यापूर्वी एकदा साध्या पाण्यातून काढणं. मंजिष्ठा आदल्या रात्री भिजवून फडक्यात पुरचुंडी बांधावी, नाहीतर काड्यांचे डाग पडतात.

आच मंद हवी. पाण्यात बोट घातलं तर चटका बसेल, पण बुडबुडे येता कामा नयेत. उकळी फुटली की मुळातला तपकिरी रंग सुटतो आणि लाल विटकरी होऊन जातो. तासभर सतत ढवळायचं, मग त्याच पाण्यात गार होऊ द्यायचं. भांडं ॲल्युमिनियमचं किंवा स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत हिरडा लोखंडाशी लागतो आणि सगळं काळपट पडतं. (काळाच रंग हवा असेल तर तीच युक्ती मुद्दाम करतात: गंजके खिळे गुळाच्या पाण्यात दोन-तीन आठवडे आंबवून ते पाणी हिरडा दिलेल्या कापडाला.) बोअरचं जड पाणी धुण्याला वाईट, पण मंजिष्ठेला चांगलं, त्यातल्या चुन्याने लाल खुलतो. हळद मात्र वापरू नका. पहिल्या दिवशी झकास दिसते आणि चार उन्हांत उडून जाते.

दिवाळीच्या तोंडावर कुठलाही शिंपी असलं काम हातात घेत नाही. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, म्हणून कापड त्यानंतर टाकलं. नोव्हेंबरअखेर शिवून मिळालं. बाराबंदी आणि चोळणा मिळून सातशे रुपये शिलाई. शिंप्याला तीन गोष्टी कागदावर लिहून द्या. एक, बगलेत चौबगळा हवाच. हा तळहाताएवढा चौकोनी तुकडा नसेल तर हात वर केला की अख्खा अंगरखा पोटावर चढतो, आणि गोफण फिरवताना शिवण बगलेतच टरकते. आजचे शिंपी शर्टाच्या सवयीने बाहीला गोलाई देतात. इथे बाही सरळ जोडायची असते. दोन, बंद बारा, म्हणजे सहा जोड्या, त्याच कापडाचे, बोटभर रुंद. विकतची नाडी नको. तीन, बंद डाव्या बगलेकडे. त्या काळच्या चित्रांत हिंदू डावीकडे आणि मुसलमान उजवीकडे बांधलेले दिसतात. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातला फोटो दाखवाल तर बाजू उलटी होईल, तेवढं सांभाळा.

आतल्या शिवणी मशीनवर घातल्या तरी बिघडत नाही. दिसणाऱ्या कडा, म्हणजे गळा, घेर आणि बाह्यांची टोकं, हाताने तुरपून घ्या. एका अंगरख्याला दोन संध्याकाळी जातात, आणि हाताची तुरपाई चार हातांवरूनही ओळखू येते.

मुंडासं स्वतःच्या डोक्यावर स्वतः बांधता आलं पाहिजे. हल्ली मिळणारा तुरा-शेमल्याचा तयार फेटा फार पुढच्या काळातला, तो टाळा. मलमल थोडं ओलं करून पिळा, लांबीत पीळ द्या, पहिला वेढा भुवयांच्या वर घट्ट आणि कानांच्या पाळ्यांमागून घ्या. सुटतं ते नेहमी याच वेढ्यामुळे. वरचे कितीही आवळले तरी उपयोग होत नाही. केसांना तेल असेल तर मुंडासं अर्ध्या तासात मागे घसरतं. सुरुवातीला आरशासमोर स्वतःचंच हसू येतं आणि गल्लीतून असं जायला लाज वाटते. आठ-दहा दिवस घरात बांधून वावरलं की ती जाते.

पायताण सगळ्यांत महाग पडलं, पंधराशे रुपये. तळ चामड्याचाच, शिलाई वादीची. टायरचा तळ आणि खिळे नकोत. एरंडेल चोळून उन्हात ठेवा, रोज थोडं घालून चाला, पंधरवड्यात पायाला लागतं. कोरड्या गवतावर आणि कातळावर ते घसरतं, तेव्हा उतारावर पळण्याचा प्रसंग बसवू नका. चष्मा लागणाऱ्यांनी लेन्स आधीपासून सवयीच्या कराव्यात. बिनचष्म्याने लाठीसमोर उभं राहणं धोक्याचं आहे. घड्याळ, लाल गंडे, बनियनची पट्टी आणि खिशातला मोबाइल फोटोत हमखास दिसतात.

तालीम पेहरावाच्या बरोबरीनेच चालू होती. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात मर्दानी खेळ शिकवणारे वस्ताद अजून आहेत. व्हिडिओ बघून शिकू नका. नारळ ठेवायचा, सांगतील ते करायचं. पहिला महिना फक्त पवित्रा आणि लाठी. हात लवकर सुधारतो, पाय सुधारत नाहीत, आणि लाठी स्वतःच्याच घोट्यावर बसते ती पायांमुळे. लाठी कानापर्यंत उंच, भरीव वेळूची, दीडशे रुपये. त्यानंतर फरी-गदका: फरी म्हणजे छोटी चामडी ढाल आणि गदका म्हणजे चामडं मढवलेली काठी. जोडी अठराशेला मिळाली. तलवारीचे वार शिकायला आपल्याकडे हेच साधन पूर्वापार आहे, प्रेक्षकांना त्यात चढाओढ खरी दिसते, आणि चुकलं तर वळ उठतो, टाके पडत नाहीत.

दांडपट्टा २०२४ मध्ये राज्यशस्त्र जाहीर झाल्यापासून प्रत्येक नव्या मुलाला तोच हवा असतो. पट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे हातमोज्यासारख्या लोखंडी मुठीत, हात कोपराच्या जवळपास अडकलेला असतो, मनगट वळतच नाही, त्यामुळे सगळा वार खांद्यातून आणि कमरेतून येतो. पातं लवचीक, चार फुटांच्या आसपास, त्यात हाताची लांबी मिळवा. दहा फुटांच्या आत कुणी असता कामा नये. पहिल्या वर्षी बघा, धरू नका. आडवं झोपवून पोटावरचं लिंबू कापणं हा तर जत्रेतला खेळ आहे, त्याचा वेढ्याशी काही संबंध नाही.

आमचा भर गोफणीवर होता. दोर अंबाडीचा. घायपाताचा सहज मिळतो, पण घायपात मूळचा अमेरिकेतला. एकूण लांबी सहा फूट, मधोमध चार बोटं रुंद विणलेली झोळी, एका टोकाला बोटात अडकवायचा फास, दुसऱ्या टोकाला सोडायची गाठ. गाठ लवकर सुटली तर गोळा मागे किंवा सरळ वर जातो आणि उशिरा सुटली तर आडवा. म्हणून गोफणवाल्याच्या बाजूला आणि मागेही कुणी उभं राहायचं नाही. समोर मोकळं ठेवलं की झालं, असं सगळे समजतात. गोळे चिंध्यांचे, आत लाकडाचा भुसा. लोटायचे धोंडे गोणपाटात पेंढा ठासून शिवले, वरून माती-शेणकाल्याचे दोन हात दिले. ते वाळल्यावर वीस फुटांवरून खरे वाटतात, वजन किलोच्या आत राहतं. पेंढा ओला असेल तर आठवड्यात बुरशी येते आणि वास सुटतो.

आता कागद. याची धास्ती सगळ्यांना असते आणि ती थोडी असलेली बरी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघत असतात, बहुतेक वेळा पंधरा-पंधरा दिवसांचे, एकामागून एक. ३७(१) मध्ये तलवारी, भाले, सुरे तर आहेतच, शिवाय लाठ्या-काठ्या आहेत, आणि दगड किंवा ते फेकायची साधनं जमवणंही आहे. म्हणजे आमची गोफण आणि धोंडे थेट कायद्याच्या भाषेतच लिहिलेले! ३७(३) खाली विनापरवाना जमाव येतो. त्यात २०२४ च्या १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, मतदान २० नोव्हेंबरला. त्या काळात अर्ज करण्यात अर्थ नव्हता. सराव मैदानावरून तालमीच्या चार भिंतींत नेला.

जागा गावच्या पटांगणाची घेतली, गडावरची नाही. गडावर करायचं तर पोलिसांखेरीज गड ज्यांच्या ताब्यात आहे त्या खात्याचीही परवानगी लागते, पुरातत्त्व किंवा वन, काही ठिकाणी दोन्ही. पहिल्या कार्यक्रमाला तो व्याप नको.

ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला जानेवारीच्या मध्यावर मिळाला. पोलीस ठाण्यात अर्ज २० जानेवारीला दिला. सोबत जोडलं ते असं: कोर्ट फी तिकीट लावलेला अर्ज, ग्रामपंचायतीचा दाखला, सहभागी सगळ्यांची नावं, पत्ते आणि आधारच्या प्रती, वेळापत्रक, पटांगणाचा हाताने काढलेला नकाशा (प्रेक्षक कुठे, दोरी कुठे, गाडी कुठे), प्रथमोपचाराची सोय, आणि प्रत्येक वस्तूचा फोटो, लांबी, ती कशाची आहे त्यासकट. हा शेवटचा कागद सगळ्यांत कामाचा. ‘शस्त्र’ असा मोघम शब्द अर्जात घालू नका. ‘लाकडी बंदूक, नळी बंद, प्रतिकृती’, ‘गदका, वेत व चामडे’ असं एकेक लिहा. लाऊडस्पीकरचा परवाना वेगळा, रात्री दहानंतर बंद. दुसऱ्या प्रतीवर पोच शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

मग थांबणं. आठवड्यातून एकदा चौकशी करावी; रोज गेलात तर तेही कंटाळतात. बंदोबस्ताच्या दिवसांत, विशेषतः सोमवारी सकाळी, जाऊन उपयोग नाही. दुपारी चारनंतर निवांत बोलणं होतं. अर्जात ‘सुरुंगाचा स्फोट’ असा शब्द होता, त्यावर खुलासा मागितला गेला. तो ढोल-हलगीच्या आवाजाने दाखवणार, फटाका किंवा दारू वापरणार नाही, असं लिहून दिलं. लेखी परवानगी १७ फेब्रुवारीला हातात आली. अटी दोन: सगळं सामान पेटीत बंद करून न्यायचं आणि मिरवणुकीत हातात घ्यायचं नाही. तोवर पोटात गोळा होता, कारण मंडप आणि जेवणाचा निरोप आधीच गेला होता. निमंत्रणपत्रिका छापायची घाई मात्र केली नव्हती, ते बरं.

कार्यक्रमाचा दिवस त्यामानाने सोपा. परवानगीच्या तीन प्रती बरोबर ठेवल्या: एक गाडीत, एक वस्तादांकडे, एक माईकपाशी. प्रेक्षकांची दोरी वीस फुटांवर. लहान मुलं दोरीखालून घुसतात, तेव्हा दर पंधरा फुटांवर आपला एक माणूस साध्या कपड्यांत, फक्त त्याच कामाला. पाणी मडक्यात आणि लोट्यात. प्लास्टिकच्या बाटल्या पालाच्या आत. जेवण भाकरी, झुणका, कांदा. बटाटा-टोमॅटो नाही, आणि चहा नाही, या नियमावर सगळ्यांत जास्त कुरकुर झाली. शेवटी चहा मंडपामागे झाला.

माणशी खर्च साडेपाच हजारांच्या थोडा वर गेला: कापड आणि रंग चौदाशेच्या आत, शिलाई सातशे, पायताण पंधराशे, बाकी लाठी, फरी-गदका आणि दोर. पायताण आणि फरी-गदका पुढच्या वर्षावर ढकलता आलं तर सुरुवात अडीच हजारांत होते. घरी आल्यावर मंजिष्ठेचं कापड रिठ्यात धुवा, सावलीत वाळवा. डिटर्जंटने लाल जांभळट होतो.

आता तलवार. ऑनलाइन मागवू नका. पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर शस्त्र नियमांच्या व्याख्येत बसतं, आणि शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हे दाखल होतात ते बहुधा कुरिअरच्या पार्सलवरूनच. ‘बोथट आहे’ हे उत्तर तिथे पुरत नाही, कारण मोजमाप लांबी-रुंदीचं आहे. सरावापुरतं तालमीतलं, वस्तादांच्या देखरेखीखालचं हत्यार वापरा, आणि स्वतःचं घ्यायचं झालं तर आधी ठाण्यात विचारून, लेखी घेऊन.

घेताना काय बघायचं? बाजारातली शोभेची तलवार दीड किलोपर्यंत जाते. हाताला बसणारी किलोच्या आसपास असते. पातं मुठीत कसं गेलंय ते विचारा. शोभेच्या तलवारीत पात्याला एक बारीक सळई वेल्ड केलेली असते. ती दोन-चार ठोक्यांत तुटते आणि पातं प्रेक्षकांत जातं. कानाशी धरून हलवा, खडखड आली तर परत ठेवा. जुन्या पद्धतीत पात्याचं शेपूट मुठीत लाखेने बसवलेलं असतं. लाख सुटली तर मुठीतली जुनी लाख खरवडून काढायची, विटेची वस्त्रगाळ पूड मिसळलेली नवी लाख आत भरायची, शेपूट तापवून सरळ रेषेत दाबायचं आणि पूर्ण गार होईतो हलवायचं नाही. हे काम जाणत्याकडूनच करून घ्या. तुरटीच्या किंवा मिठाच्या हाताने पात्याला शिवू नका, पुसून तेलाचा हात द्या. आणि एप्रिल-मे महिन्यात ती गाडीच्या डिकीत ठेवू नका. लाख मऊ पडायला लागते आणि मूठ हलते.